श्रोते तेवढेच, पैसे कमी: मग फॉरमॅट कशाला बदलायचा?

पत्र: वडील गेल्यापासून आमचं एफएम स्टेशन मी आणि माझा धाकटा भाऊ चालवतो. सोळा वर्षं आम्ही जुनी गाणी लावतोय. शहरात दहा स्टेशनं आहेत, त्यातली तीन ताजी हिट गाणी लावतात. श्रोत्यांमध्ये आमचा वाटा सहा टक्क्यांच्या आसपास आहे आणि तो फारसा हललेला नाही. पण जाहिरातींचं उत्पन्न तीन वर्षं सतत घटतंय. शहरात रेडिओवर होणाऱ्या एकूण जाहिरातींपैकी जेमतेम चार टक्के पैसा आमच्याकडे येतो. महिनाअखेरीस हातात काही उरत नाही. भाऊ म्हणतो, ताज्या गाण्यांकडे वळू. आम्ही बोलावलेला सल्लागार म्हणतो, गाणी सोडा, खेळ आणि गप्पांचं स्टेशन करा. दोन्हींसाठी कर्ज काढावं लागेल. आई म्हणते, बाबांनी उभं केलेलं मोडू नका. घरात रोज वाद होतात. पैशाच्या हिशेबाने बघितलं तर यातलं बरोबर काय? – एक स्टेशनमालक

उत्तर: तुमचं पत्र वाचताना मी एका ठिकाणी थांबलो. श्रोत्यांमध्ये वाटा सहा टक्के, पैशात वाटा चार टक्के. हे दोन्ही आकडे तुम्ही एका दमात लिहिलेत आणि पुढे गेलात. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच आहे.

रेडिओच्या धंद्यात याला पॉवर रेशो म्हणतात: पैशातला वाटा भागिले श्रोत्यांमधला वाटा. तुमचा येतो ०.६७ च्या आसपास. तुमच्या बाजारात सरासरी स्टेशन एका श्रोत्यामागे जेवढं कमावतं, त्याच्या दोन तृतीयांशच तुम्ही कमावता. आता फॉरमॅट, म्हणजे स्टेशन काय वाजवतं त्याचा साचा, बदलल्याने पहिल्यांदा काय बदलतं? श्रोते. आणि तुमच्याकडे तर श्रोते आहेत! ते आहेत, टिकून आहेत, फक्त त्यांचे पैसे होत नाहीत. जी वस्तू धड आहे तीच फेकून द्यायची आणि जी बिघडलीय तिला हात लावायचा नाही, असा हा बेत झाला.

श्रोते असूनही पैसा का येत नाही, याची मला दोनच मोठी कारणं दिसतात. एक, तुमचे श्रोते म्हातारे होतायत. मोठ्या जाहिरात एजन्सींचे मीडिया प्लॅनर, म्हणजे जाहिरात कुठे द्यायची ते ठरवणारे, बहुतेक वेळा २५ ते ५४ या वयोगटासाठी वेळ विकत घेतात. सोळा वर्षांपूर्वी जो श्रोता चाळीस वर्षांचा होता, तो आज छप्पन्नचा आहे. तो अजूनही तुमचंच स्टेशन लावतो, सर्वेक्षणात मोजलाही जातो, पण प्लॅनरच्या तक्त्यातून तो पंचावन्नाव्या वर्षीच बाहेर पडला. दुसरं कारण, तुमची विक्री ढिली पडलीय. हे ऐकायला कडू आहे, पण वडिलांच्या ओळखीवर येणारा धंदा वडिलांबरोबरच ओसरतो, हे मी अनेक घरगुती धंद्यांत पाहिलंय.

यातलं तुमचं कारण कुठलं, हे कळायला सल्लागार लागत नाही. तीन वर्षांपूर्वीच्या कुठल्याही एका साध्या मंगळवारचा लॉग, म्हणजे त्या दिवशी कधी काय वाजलं याची नोंद, काढा, आणि गेल्या मंगळवारचा. दोन्ही कागद टेबलावर शेजारी-शेजारी ठेवा. प्रत्येक स्पॉटसमोर, म्हणजे वाजलेल्या प्रत्येक जाहिरातीसमोर, पेन्सिलीने खूण करा: एजन्सीकडून आलेला की थेट गिऱ्हाइकाकडून आलेला, पैसे घेऊन वाजवला की वस्तूच्या बदल्यात, की रिकामी जागा भरायला स्वतःच्याच स्टेशनचा प्रोमो टाकला. तासाभराचं काम आहे. एजन्सीचे स्पॉट गेले आणि थेट गिऱ्हाइकं तशीच राहिली असतील, तर वयाचा प्रश्न आहे. दोन्ही सारखेच घटले असतील, तर विक्रीचा. आणि सकाळच्या मोक्याच्या तासात स्वतःचेच प्रोमो वाजताना दिसले, तर त्या जागेसाठी गेल्या महिन्यात कोण कुणाला भेटायला गेलं होतं, हे त्याच संध्याकाळी विचारा.

आता फॉरमॅट बदलण्याच्या खर्चाकडे येतो, कारण माझ्या अनुभवात इथेच सगळ्यात जास्त फसगत होते. लोक नव्या जिंगल्सचा, नव्या आरजेंचा, शहरभर लावायच्या फलकांचा खर्च मांडतात. तो तर असतोच. पण खरा खर्च असतो मधला खड्डा. जुने जाहिरातदार पहिल्या दिवशी जातात. नवे यायला किती दिवस लागतील हे कुणाच्याच हातात नसतं, कारण एजन्सी आधी सर्वेक्षणाचे एक-दोन अहवाल येऊ देते, मग भाव पाडते, आणि मग हळूहळू ऑर्डर देते. त्यावर वसुली आणखी दोन-तीन महिन्यांनी.

समजा, तुमचं आजचं मासिक उत्पन्न १०० आहे आणि खर्च ९८. बदलानंतर उत्पन्न ४५ वर आलं आणि दीड वर्षात एकसारखं चढत पुन्हा १०० झालं. या अठरा महिन्यांत दरमहा सरासरी साडेसत्तावीस कमी पडले, म्हणजे एकूण ४९५. बदलाचा एकवेळचा खर्च १५० धरा. खड्डा झाला ६४५ चा, म्हणजे आजच्या साडेसहा महिन्यांच्या पूर्ण उत्पन्नाएवढा. त्यानंतर नवं स्टेशन चांगलं चाललं आणि महिन्याला २ ऐवजी १५ उरायला लागले, तर जास्तीचे १३ जोडत जोडत हा खड्डा बुजायला ५० महिने लागतील. आधीचे अठरा धरून जवळपास पावणेसहा वर्षं. यात कर्जाचं व्याज धरलेलं नाही, आणि हे सगळं नवं स्टेशन यशस्वी झालं तर! हे आकडे मी समजावण्यापुरते घेतलेत. तुमच्या वहीतले आकडे घालून हाच हिशेब भावासमोर बसून करा.

एक गोष्ट मात्र भावाच्या बाजूने सांगायलाच हवी. ‘आहे तसं चालू दे’ हीसुद्धा सपाट रेघ नाही. तुमचं उत्पन्न दरवर्षी सहाने घटत असेल, तर तीन वर्षांत १०० चे ८२ होतात, आणि खर्च ९८ च राहिला तर दर महिन्याला १६ खिशातून जातील. तेव्हा तुलना आजच्या दिवसाशी करायची नाही, या उतरत्या रेघेशी करायची. तुमच्या भावाची घाई इथून आलीय, आणि ती उगीच नाही. आईनेही हे समजून घ्यायला हवं: काही न करता बाबांचं स्टेशन तसंच राहील, हे खरं नाही.

मी स्वतः अशा एका बदलाच्या वेळी विक्री विभागात होतो. सोमवारी दुपारी बारा वाजता जुन्या गाण्यांऐवजी नवी धांगडधिंग्याची गाणी सुरू झाली. आम्हा विक्रीच्या माणसांना आधल्या शुक्रवारी संध्याकाळी सांगितलं होतं, कारण वरच्यांना बातमी फुटण्याची भीती होती. मंगळवारी सकाळी फर्निचरचे एक व्यापारी स्वतः ऑफिसात आले. नऊ वर्षं सकाळी आठच्या आधीचा स्पॉट त्यांचा होता. रागावले नव्हते. त्यांनी वर्षभराचा करार टेबलावर ठेवला आणि उरलेल्या पाच महिन्यांचे आगाऊ दिलेले पैसे परत मागितले. म्हणाले, “माझं गिऱ्हाईक काल दुपारी तुमच्याकडून उठून गेलं, मी इथे बसून काय करू?” त्या आठवड्यात असे परत द्यावे लागलेले पैसे कुणीच हिशेबात धरले नव्हते. तुम्ही धरा. आगाऊ घेतलेले पैसे, वर्षाचे करार, वस्तूंच्या बदल्यात दिलेला वेळ, हे सगळं बदलाच्या पहिल्या महिन्यात अंगावर येतं.

तुमच्या स्थितीशी सगळ्यात जवळचं मोठं उदाहरण न्यूयॉर्कच्या डब्ल्यूसीबीएस-एफएमचं आहे. १९७२ पासून हे स्टेशन जुन्या गाण्यांचं होतं आणि शहरात त्याला मान होता. तिथेही चिंता तुमच्यासारखीच: श्रोते भरपूर, पण वय वाढतंय. ३ जून २००५ ला मालक कंपनीने एका दिवसात ते ‘जॅक’ नावाच्या फॉरमॅटवर नेलं. आरजे नाहीत, वेगवेगळ्या दशकांची गाणी एकामागोमाग, खर्च कमी, श्रोता तरुण, असा विचार होता. कागदावर तो वाईट दिसत नव्हता. पण श्रोते गेले, आणि जे तरुण यायचे होते ते त्या संख्येने आले नाहीत. १२ जुलै २००७ ला, दोन वर्षं आणि काही आठवड्यांनी, त्याच कंपनीने जुनी गाणी परत आणली. त्याच ३ जूनला शिकागोतलं एक जुन्या गाण्यांचं स्टेशनही जॅक झालं होतं. ते २०११ मध्ये मागे वळलं.

या गोष्टीत मला महत्त्वाची वाटते ती परत येण्याची रीत. २००७ मध्ये न्यूयॉर्कचं स्टेशन जसंच्या तसं परत आलं नाही. पन्नासच्या दशकातली आणि साठच्या सुरुवातीची गाणी मागे पडली, सत्तर आणि ऐंशीच्या दशकांतली पुढे आली. नाव जुनं, ओळखीचे काही आवाज जुने, आणि गाण्यांचं वय एका पिढीने खाली. ते पुन्हा शहरातल्या आघाडीच्या स्टेशनांत जाऊन बसलं. म्हणजे दुखणं खरंच होतं, ते श्रोत्यांच्या वयाचं होतं, आणि त्यावरचा इलाज फॉरमॅट उखडणं हा नव्हता, सरकवणं हा होता. तुमची सोळा वर्षांपूर्वीची गाण्यांची यादी आणि आजची यादी ताडून बघा. ‘जुनं गाणं’ म्हणजे ठरावीक सालातलं गाणं नव्हे. ऐकणाऱ्याने ते पंधरा ते पंचवीस या वयात ऐकलेलं असतं, म्हणून ते जुनं. आज पंचेचाळीस वर्षांच्या माणसाचं कॉलेजातलं गाणं तुमच्या यादीत नसेल, तर तो तुमच्याकडे का येईल?

सरकवायला कर्ज लागत नाही. दर तिमाहीला यादीतली सगळ्यात जुनी काही गाणी काढा, तेवढीच नवी घाला. पहाटेचे आणि रविवार सकाळचे तास अगदी जुन्या गाण्यांसाठी राखून ठेवा, म्हणजे जुना श्रोता दुखावून जाणार नाही. जाहिरातदारांना काही सांगावंसुद्धा लागत नाही.

भावाच्या बेताबद्दल माझं मत स्पष्ट आहे: करू नका. ताज्या गाण्यांची तीन स्टेशनं आधीच आहेत. समजा, त्या तिघांकडे मिळून तीस टक्के श्रोते आहेत. तुम्ही चौथे म्हणून गेलात तर चौघांत बरोबर वाटणी होणार नाही. सवयीने लोक आधीच्याच ठिकाणी राहतात आणि नव्याला उरलंसुरलं मिळतं. ज्या सहा टक्क्यांसाठी आज तुम्हाला काही वेगळं करावं लागत नाही, ते सहा टक्के मिळवायला तिथे झगडावं लागेल. ती गाणी लोकांना मोबाइलवरही हवी तेव्हा मिळतात, त्यामुळे रेडिओवर थांबायला त्यांना कारण फार थोडं. शिवाय तुम्ही जागा सोडलीत, की त्या तिघांतलं सगळ्यात कमजोर स्टेशन पुढच्याच महिन्यात जुन्या गाण्यांवर येऊन तुमचे सोळा वर्षांचे श्रोते फुकटात उचलेल. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागणं म्हणतात ते हेच.

सल्लागाराचं म्हणणं मात्र मी झटकून टाकणार नाही. गप्पा, बातम्या आणि खेळ यांचा पॉवर रेशो बऱ्याचदा एकापेक्षा वर असतो. गाणं लोक काम करता करता ऐकतात, बोलणं कान देऊन ऐकतात, त्यामुळे जाहिरातही कानावर पडते. निवेदकाने स्वतःच्या आवाजात सांगितलेल्या जाहिरातीला चांगला भाव येतो. पण खर्च बघा. गाणं एकदा घेतलं की रॉयल्टी भरून शंभरदा वाजवता येतं. बोलणं रोज नवं करावं लागतं: निवेदक, निर्माते, फोन घेणारी माणसं, सामने प्रसारित करण्याचे हक्क. गाण्यांचं स्टेशन रात्री संगणकावर चालतं, खेळाच्या स्टेशनला रात्री दोन वाजताही माणूस लागतो.

न्यूयॉर्कमध्येच १ जुलै १९८७ ला डब्ल्यूएफएएन हे चोवीस तास खेळांचं स्टेशन सुरू झालं, एका कंट्री संगीताच्या स्टेशनच्या जागी. अशा धर्तीचं ते पहिलंच मानलं जातं, आणि आज लोक त्याचा दाखला यशाची गोष्ट म्हणून देतात. तुमच्या सल्लागारानेही दिला असेल. पण सुरुवातीला ते तोट्यात होतं. बेसबॉलच्या मेट्स संघाच्या सामन्यांचे हक्क जुन्या स्टेशनकडून आयते मिळालेले असूनही तोट्यात. ऑक्टोबर १९८८ मध्ये मालकांनी दुसऱ्या कंपनीची स्टेशनं विकत घेतली, रेडिओवरची ६६० किलोहर्ट्झची जास्त चांगली जागा मिळवली आणि तिथला लोकप्रिय सकाळचा कार्यक्रमही त्याबरोबर आला, तेव्हा गाडी रुळावर आली. सामन्यांचे हक्क, दमदार सिग्नल, तयार सकाळ आणि तोटा सोसणारा मालक. या चारपैकी तुमच्याकडे काय आहे? सल्लागाराला हा प्रश्न विचारा, आणि त्याची फी बदल झाला तरच मिळते की कसंही, हेही विचारा. हक्क हातात नसताना खेळाचं स्टेशन म्हणजे दुसरीकडे चाललेल्या सामन्यावर आपण गप्पा मारणं. ते चालतं, पण फार कसलेले निवेदक लागतात.

बदल कधीच करू नये असं माझं म्हणणं नाही. गमावण्यासारखं काही नसेल तेव्हा तो स्वस्त पडतो. जुलै १९७८ मध्ये न्यूयॉर्कचं जेमतेम ऐकलं जाणारं एक संथ रॉकचं स्टेशन डब्ल्यूकेटीयू नावाने डिस्कोवर गेलं आणि काही महिन्यांत शहरात पहिलं आलं. त्याचा खड्डा उथळ होता, कारण ते आधीच तळाशी होतं. त्याने ज्याला मागे टाकलं ते डब्ल्यूएबीसी हे एएमवरचं स्टेशन १० मे १९८२ ला गाणी सोडून गप्पांकडे गेलं, तेही योग्य होतं. संगीत ऐकणारे एएम या जुन्या रेडिओ पट्ट्यावरून एफएमवर निघून गेले होते, म्हणजे श्रोत्यांनीच आधी फॉरमॅट बदलला होता. तुमचे श्रोते कुठे गेलेले नाहीत. आणि डिस्कोची लाट ओसरल्यावर १९८५ मध्ये डब्ल्यूकेटीयूलाही पुन्हा नवं नाव घेऊन रॉककडे यावं लागलं, हे भावाच्या कानावर घालाच.

आईंबद्दल दोन शब्द. त्यांचा विरोध हिशेबातून आलेला नाही, आणि तो हिशेबाने सुटणारही नाही. त्यांना लॉगच्या त्या टेबलाशी बसवा. वडिलांच्या वेळचे किती जाहिरातदार अजून तुमच्याबरोबर आहेत हे त्या तुमच्यापेक्षा चांगलं सांगतील, आणि कोण का सोडून गेलं हेही. मला तर वाटतं, जाहिरात देणं बंद केलेल्या जुन्या जाहिरातदारांना भेटायला जाताना त्यांना बरोबर न्यावं. तुमच्याकडे सकाळचा कार्यक्रम वर्षानुवर्षं करणारे कुणी असतील, तर त्यांनाही आत्ताच विश्वासात घ्या. यादी सरकवताना श्रोत्याचा हात धरून ठेवणारा आवाज त्यांचा असणार आहे.

कर्ज काढायचंच असेल तर फॉरमॅटसाठी न काढता विक्रीच्या दोन चांगल्या माणसांच्या वर्षभराच्या पगारापुरतं काढा. सहा टक्के श्रोत्यांवर पॉवर रेशो ०.६७ वरून फक्त ०.८५ पर्यंत नेलात, तर पैशातला वाटा चारवरून पाचच्या थोडा वर जातो. म्हणजे उत्पन्नात चौथ्या हिश्श्याहून जास्त वाढ, एकही श्रोता न बदलता.

एक वर्ष द्या. यादी सरकवा, विक्री उभी करा, आणि दर तिमाहीला ते दोन आकडे एकाच कागदावर लिहीत जा. वर्षानंतर पैशाचा वाटा हलला नसेल आणि श्रोत्यांचा वाटाही सहावरून चारकडे घसरला असेल, तर मला पुन्हा लिहा. तेव्हा तुमचा खड्डा आजच्यापेक्षा उथळ असेल आणि माझं उत्तरही वेगळं असेल. फक्त पत्रासोबत त्या दोन मंगळवारांच्या लॉगची प्रत पाठवा, पेन्सिलीच्या खुणांसकट.